बांध साफ करताय? आधी एक फेरी मारा

पेरणी तोंडावर आली की बांधावरच्या बोरी-घाणेरीवर कोयता चालतो आणि उरलंसुरलं पेटवून दिलं जातं. नेमके तेच टिटवीच्या आणि तितराच्या विणीचे दिवस! टिटवी उघड्या ढेकळांतच बहुधा चार अंडी घालते, निमुळती टोकं आत वळवलेली. मातकट रंगावर काळे ठिपके. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की घरटं जवळच आहे समजा. तेवढा तुकडा सोडा, पिल्लं निघायला साधारण चार आठवडे लागतात. तितर झुडपाच्या बुडाशी अंडी घालतो आणि शेतातली वाळवी, किडे खातो. घाणेरी जरूर काढा, ती परदेशी, पण नोव्हेंबर-डिसेंबरात. बोरी-बाभळी राहू द्या. आणि बांध पेटवू नका, हात जोडून सांगतो!