नाव एक, फाइल दुसरी

गव्हाण फाट्यावरून न्हावा-शेवा बंदराकडे (जेएनपीटी) धावणाऱ्या कंटेनरच्या दाराला नंबराचे सील असते. नंबर कागदाशी जुळला की पेटी पुढे जाते. संगणकातल्या फाइलला असे सील बाहेरून लावावे लागत नाही, ते तिच्यातूनच काढता येते. एसएचए-२५६ या गणिती प्रक्रियेतून फाइल गेली की ६४ अंकाक्षरांची एक ओळ मिळते, तिला हॅश म्हणतात. फाइलमधला एक बिट बदलला तरी ओळ पार बदलते. नाव बदलले तर मात्र ती जशीच्या तशी राहते.

हे किती कामाचे, ते याच बंदराच्या अनुभवावरून कळते. २७ जून २०१७ रोजी जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामकाज ठप्प झाले. हे टर्मिनल मेर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम मेर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरला होता. पुढे कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्या विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘डीएलएलहोस्ट.डॅट’ नावाची फाइल टाकत असे. नाव विंडोजच्याच एका फाइलसारखे, पण आत होते पीएसएक्झेक: दूरच्या संगणकावर आज्ञा चालवण्याचे मायक्रोसॉफ्टचे अस्सल साधन. हॅश काढला की सोंग उघडे पडते.

अशा ओळखीसाठी अमेरिकेतील ‘निस्ट’ ही संस्था एनएसआरएल नावाचे ग्रंथालय चालवते. सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती गोळा करून त्यांतल्या फाइलींचे हॅश ते दर तिमाहीला प्रसिद्ध करते. जप्त डिस्कवरच्या लाखो फाइलींतून विंडोज-ऑफिसच्या ठरावीक फाइली या यादीशी ताडून बाजूला काढल्या की तपासनिसाला उरलेल्यांकडे नीट बघता येते. पण यादीत हॅकिंगची साधनेही आहेत. फाइल ‘माहीत आहे’ एवढेच ती सांगते. ‘निर्धोक आहे’ असे नाही. पीएसएक्झेकसारखी फाइल डोळे झाकून वगळणे म्हणजे चोराची शिडी घरचीच आहे म्हणून पंचनाम्यात न लिहिणे.

हॅश काढण्याची सूत्रेही म्हातारी होतात. एमडी५ या जुन्या सूत्राने एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्ये दाखवल्या गेल्या, एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली. तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात एसएचए-२५६ च्या शेजारी या दोघांच्याही चौकटी आहेत. जुन्या याद्यांशी जुळवायला त्या असू देत. पण एकट्या एमडी५ वर खूण करून पुरावा कोर्टात नेणे मला धोक्याचे वाटते.