पाडू नका ती उतरंड!

आमच्या आजीच्या माजघरात मडक्यांची उतरंड होती. तळाशी मोठा डेरा, त्यावर लहान, त्याहून लहान, आणि अगदी वर एक चिमुकलं गाडगं. तळातली डाळ हवी असेल तर वरची मडकी एकेक करून उतरवावी लागत. पुढे संगणकाच्या धंद्यात पडल्यावर 'स्टॅक' हा शब्द कानावर आला, तेव्हा त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

चालू प्रोग्रॅमच्या पोटात अशीच उतरंड असते. समजा, आई पुरण घाटते आहे. वेलदोडे संपलेले दिसतात, म्हणून ती गॅस बारीक करून बंडूला वाण्याकडे धाडते. वाण्याच्या गल्ल्यात सुटे नाहीत, म्हणून तो पोऱ्याला पानवाल्याकडे पिटाळतो. आता पुरण का अडलं आहे? वरून खाली पाहत या : पोऱ्या ठेल्यावर उभा, त्याच्याखाली वाणी, मग बंडू, तळाशी आई. हातातलं काम कुठे सोडलं, हे प्रत्येकाच्या ध्यानात आहे. प्रोग्रॅमचा एक भाग दुसऱ्याला काम सांगतो तेव्हा 'परतायचं कुठे' याची चिठ्ठी अशीच या उतरंडीवर ठेवतो. तिलाच म्हणतात कॉल स्टॅक.

कल्पना जुनी आहे. ॲलन ट्युरिंगने १९४६ साली सादर केलेल्या संगणकाच्या आराखड्यात या चिठ्ठ्या ठेवण्याला 'पुरणे' आणि काढण्याला 'उकरणे' अशा अर्थाचे शब्द होते. जर्मनीत बाउअर आणि सामेलसन या जोडीने १९५७ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते तिला 'तळघर' म्हणत. बाउअर यांना त्याबद्दल १९८८ साली मोठा सन्मान मिळाला, पण तोवर सामेलसन हयात नव्हते.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही २०११ च्या जूनअखेरीला मी चूक केलीच. एका पतसंस्थेत तिमाही व्याज खात्यांत जमा करणारा आमचा प्रोग्रॅम रात्री मध्येच गप्प झाला. बंद पडला नाही, चूक दाखवली नाही, नुसता गप्प. मी तो मारला, पुन्हा सुरू केला, आणि तो शहाण्या मुलासारखा चालला. सगळे खूश. म्हणजे पंचनामा न करता मी घर धुऊन काढलं होतं!

सप्टेंबरअखेरीला तेच. रात्रीचा दीड वाजलेला. सकाळी दहाला निवृत्त ठेवीदार व्याजासाठी यायचे होते. व्यवस्थापक साठीकडे झुकलेले, डोळे तांबारलेले.

"अहो, बंद करून परत सुरू करा की! मागे तेच केलंत ना?"

"साहेब, दहा मिनिटं द्या. मारला तर पुरावाच जाईल."

ते काही बोलले नाहीत. घड्याळाकडे मात्र पाहिलं.

प्रोग्रॅम जावा भाषेतला होता. त्यासाठी 'जेस्टॅक' नावाचं छोटं साधन येतं. चालू प्रोग्रॅमचा क्रमांक त्याला सांगितला की प्रोग्रॅम न मारता आतल्या सगळ्या उतरंडी ते ओळीनं मांडतं. प्रत्येक मडक्यावर फंक्शनचं नाव आणि ओळीचा आकडा. (सी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी 'जीडीबी' हेच काम करतं, तो जोडलेला असेपर्यंत प्रोग्रॅम थिजून राहतो, सोडला की पुढे चालतो.)

आमचं काम आठ धाग्यांत वाटलेलं होतं, म्हणजे आठ कारकून एकाच वेळी बसवल्यासारखं. दोन उतरंडींचं वरचं मडकं एकच निघालं : माझं स्वतःचं फंक्शन, तीच ओळ, दुसऱ्या खात्याचं कुलूप मिळण्याची वाट पाहणारी. खाली जेस्टॅकने लिहूनच दिलं होतं की हे दोघे एकमेकांसाठी अडून बसले आहेत. प्रोग्रॅमच्या रोजच्या नोंदींशी ताडून पाहिलं तर निघालं एक जोडपं! नवऱ्याच्या ठेवीचं व्याज बायकोच्या खात्यात, बायकोच्या ठेवीचं नवऱ्याच्या. एका धाग्याने नवऱ्याचं खातं धरलं आणि बायकोचं मागितलं. त्याच क्षणी दुसऱ्याने बायकोचं धरून नवऱ्याचं मागितलं. एकाकडे कपाटाची किल्ली, दुसऱ्याकडे तिजोरीची, आणि दोघांनाही दोन्ही हव्यात. तो क्षण नेमका जुळला तरच घोटाळा. म्हणून तर जूनमध्ये दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत झालं होतं.

उपाय चार ओळींचा होता. खातं कुणाचंही असो, लहान क्रमांकाचं आधी धरायचं. मग दोघे आडवे येतच नाहीत. दुरुस्ती केली, चाचणीच्या खात्यांवर दोनदा चालवून पाहिली आणि मगच तो अडकलेला प्रोग्रॅम मारला. जमा झालेल्या नोंदींपुढे खूण असे, त्यामुळे काम तिथूनच पुढे सुरू झालं. पावणेचारला अहवाल छापून निघाला.

व्यवस्थापकांनी विचारलं, "कुठल्या जोडप्यानं अडवलं हो?" मी खाते क्रमांक सांगितले. त्यांनी खतावणी उघडली, चष्मा वर केला, आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "हे दोघे काउंटरवरही असेच भांडतात."