सक्रिय श्रवण : दैनंदिन व्यवहार आणि भाषाशिक्षण

प्रस्तावना

श्रवण, भाषण, वाचन व लेखन ही भाषेची चार मूलभूत कौशल्ये होत. या क्रमात श्रवण पहिले येते. परंतु वेळापत्रकात त्याला स्वतंत्र तासिका क्वचितच मिळते आणि बहुतेक प्रश्नपत्रिकांत त्याला गुण नसतात. विद्यार्थ्याला कान आहेत, म्हणजे त्याला ऐकता येते, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहिले आहे. श्रवण ही शिकवावी लागणारी कृती आहे आणि ती शिकवण्याची सुरुवात शिक्षकाच्या स्वतःच्या ऐकण्यापासून होते, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

ऐकू येणे आणि ऐकणे

ऐकू येणे ही शारीरिक क्रिया आहे; ऐकणे ही मनाची क्रिया आहे. ‘सक्रिय श्रवण’ ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स व रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये एका पुस्तिकेतून रूढ केली. बोलणाऱ्याचा मजकूर आणि त्यामागील भावना या दोन्ही समजून घेणे, मध्येच निवाडा न देणे आणि आपल्याला काय समजले ते त्याच्यासमोर मांडून पडताळणे, हे त्यांनी सांगितलेल्या श्रवणाचे सार आहे.

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातील राल्फ निकोल्स यांनी विद्यार्थ्यांच्या श्रवणाचा अभ्यास केला. भाषण संपताच विचारले असता सामान्य श्रोत्याला ऐकलेल्यापैकी जवळपास निम्मेच आठवते, असे त्यांना आढळले. याचे एक कारण त्यांनी वेगातील तफावत हे दिले. सर्वसाधारण बोलण्याचा वेग मिनिटाला सुमारे १२५ शब्द असतो, तर मन त्याहून कितीतरी वेगाने धावते. उरलेल्या वेळात मन भरकटते. चांगला श्रोता तोच वेळ मुद्दे जुळवण्यात व पुढे काय येईल याचा अंदाज बांधण्यात खर्च करतो. हे शिकता येते, म्हणूनच शिकवताही येते.

उत्तर मिळणे म्हणजे आकलन नव्हे

श्रवणातील उणिवेची किंमत किती मोठी असू शकते, हे आपल्या देशातील एका दुर्घटनेवरून दिसते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे विमान आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे मृत्यू पावली. कझाक विमानाने १५,००० फुटांवर व सौदी विमानाने १४,००० फुटांवर राहावयाचे होते. समोरून विमान येत असल्याचे दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक चमूला सांगितले होते व त्यांच्याकडून उत्तरही आले होते. तरीही ते विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत चमूचे इंग्रजीचे अपुरे आकलन हे एक होते.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ मध्ये वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषाप्रावीण्याचे निकष स्वीकारले व ते मार्च २००८ पासून लागू झाले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती व ओघ यांच्या जोडीला आकलन व परस्पर संवाद हेही स्वतंत्र निकष त्यांत आहेत. ठरावीक वाक्ये पाठ असणे पुरेसे नाही, हा याचा अर्थ होय.

आपल्या विद्यार्थ्यांचे व्यवहार याहून लहान असले, तरी तत्त्व तेच आहे. कम्युनिटी कॉलेजमधून बाहेर पडणारा विद्यार्थी दवाखान्यात, औषधांच्या दुकानात, गॅरेजमध्ये किंवा हिशेबाच्या टेबलावर काम करतो. तेथे ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ यांत गफलत होऊन चालत नाही. ‘समजलं का?’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे. म्हणून आरोग्यसेवेत रुग्णाला ‘गोळी कशी घ्यायची ते आता तुम्ही मला सांगा’ असे विचारण्याची पद्धत वापरतात. वर्गातही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

भाषाशिक्षण आणि कानाची सवय

कान घरच्या भाषेप्रमाणे घडतात. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ यांतील फरक ओळखता येत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत मात्र बहुतेकांची ती क्षमता ओसरलेली दिसली. घरच्या भाषेत ज्या भेदाला अर्थ नाही, तो कान हळूहळू सोडून देतो. तो भेद पुन्हा ऐकावयास सराव लागतो.

आपल्या बहुभाषिक वर्गांत याचे पडसाद दिसतात. उर्दू किंवा प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे लहानपणी मराठी कानावर न पडलेल्या विद्यार्थ्याला ‘वेळ’ व ‘वेल’, ‘मळा’ व ‘मला’ या जोड्या सारख्याच वाटू शकतात. कन्नड बोलणाऱ्याला ‘ळ’ परिचित असतो. परंतु बोली कन्नडात महाप्राण क्षीण होत असल्याने ‘दार’ व ‘धार’, ‘पळ’ व ‘फळ’ येथे त्याचा गोंधळ होऊ शकतो. जो फरक ऐकू येत नाही, तो उच्चारता येत नाही आणि पुढे शुद्धलेखनातही उतरत नाही. अशा चुकीला ‘निष्काळजीपणा’ म्हणून लाल शाईने खूण करण्यापूर्वी ती कानाची चूक आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

ओळखीचे शब्दही फसवतात. ‘तालीम’ म्हणजे उर्दूत शिक्षण, मराठीत व्यायामशाळा किंवा नाटकाचा सराव. ‘खाली’ म्हणजे उर्दूत रिकामे, मराठीत खालच्या बाजूस. इंदूरच्या हिंदी वातावरणात वाढलेल्या मुलाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण वाटते, मराठीत तो दंड असतो. ‘आम्ही जाऊ’ व ‘आपण जाऊ’ हा भेद तर ‘हम’ या एका शब्दात भागवणाऱ्या विद्यार्थ्याच्या सहज निसटतो. बोलणाऱ्याने आपल्याला सोबत धरले की वगळले, हेच त्याला कळत नाही. संदर्भ लक्षात घेऊन ऐकणे व शंका येताच विचारणे, हाच यावर उपाय आहे.

वर्गात करता येण्याजोगे उपक्रम

१. जोडशब्दांचा सराव : ‘वेळ-वेल’, ‘दार-धार’ अशा जोड्यांतील एक शब्द शिक्षकाने उच्चारावा व विद्यार्थ्यांनी फक्त बोट दाखवून तो ओळखावा. उच्चाराचा आग्रह नंतर धरावा.

२. ऐकून पुनर्रचना : रूथ वायनरिब यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार लहान उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचावा. विद्यार्थ्यांनी मोजके शब्द टिपून गटात चर्चा करून उतारा पुन्हा रचावा व मूळ उताऱ्याशी ताडून पाहावा. श्रुतलेखनात अक्षरे टिपली जातात, येथे अर्थ टिपला जातो.

३. आधी सांगा, मग बोला : चर्चेत स्वतःचे मत मांडण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. त्या वक्त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे जावे.

४. सूचनांची साखळी : व्यवसाय विषयाच्या शिक्षकाने तीन-चार टप्प्यांची तोंडी सूचना द्यावी, विद्यार्थ्याने ती परत सांगून मगच काम सुरू करावे.

या उपक्रमांना भाषा प्रयोगशाळेची गरज नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलेली बातमी किंवा संभाषणही पुरेसे आहे.

शिक्षकाचे श्रवण

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांब व अधिक विचारपूर्वक आली आणि एरवी गप्प राहणारेही बोलू लागले. दुसऱ्या भाषेतून उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला हा अवकाश अधिकच लागतो. त्याचे वाक्य मध्येच तोडून लिंग किंवा विभक्ती सुधारली, तर त्याचा मुद्दा तर हरवतोच, पुढच्या वेळी तो हातही वर करीत नाही. आधी मुद्दा ऐकावा, त्याची दखल घ्यावी, मग शुद्ध रूप सहज आपल्या वाक्यात वापरावे.

समारोप

श्रवण हे भाषेचे प्रवेशद्वार आहे आणि व्यवहारातील सुरक्षिततेचे साधनही आहे. प्रत्येक तासिकेतील पाच मिनिटे त्यासाठी राखून ठेवणे आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला थोडे गुण देणे, एवढी सुरुवात कोणत्याही महाविद्यालयाला करता येईल. आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकले जाते, असा अनुभव ज्या विद्यार्थ्याला वर्गात येतो, तोच उद्या रुग्णाचे, ग्राहकाचे आणि शेजाऱ्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकू शकेल.