पंधरा वर्षांची गाभण घोडी

नाशिक जिल्ह्यातलं येवला म्हटलं की पैठणी आठवते. त्याच येवल्यात मंगळवारी घोड्यांचाही बाजार भरतो, हे पैठणी घ्यायला येणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं. तिथला जाणकार घोडीचा भाव बोलण्याआधी तिचा ओठ वर करतो. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत काळपट चर उमटते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते आणि विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला टेकते. हिशेब काटेकोर नाही, एखाद-दोन वर्षं मागेपुढे होतात. पण घोडी गाभण असेल, तर अर्ध्यावर आलेली चर पाहून गिऱ्हाइकाने चार प्रश्न जास्त विचारावेत.

घोडीचे दिवस मोठे, सुमारे 340. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन सुरुवातीला अंडाशयातून येतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ते काम वार आपल्याकडे घेते. मधल्या काळात एक गंमत घडते. पस्तीस-चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आवरणातल्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, वाटीच्या आकाराच्या छोट्या गाठी तयार करतात आणि एक खास संप्रेरक रक्तात सोडू लागतात. 1930 साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या संशोधकांनी गाभण घोडीच्या रक्तातला त्याचा परिणाम दाखवून दिला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची ‘प्रेगमेअर’ ही गाभण तपासणी याच संप्रेरकावर चालते.

मेख अशी की, गाठी एकदा रुजल्या आणि त्यानंतर गर्भ मेला, तरी त्या पुढे कित्येक आठवडे संप्रेरक देतच राहतात. रक्त म्हणतं गाभण, पोट मात्र रिकामं! उतारवयात गर्भ गळण्याचा धोका वाढतो, कारण बीज जुनं झालेलं असतं आणि वेतागणिक गर्भाशयाचं अस्तरही निबर होत जातं. त्यामुळे ‘गाभण आहे’ या शब्दावर जास्त पैसे मोजायचे असतील, तर सोनोग्राफीच करून घेतलेली बरी.

सातव्या महिन्याच्या आसपास इस्ट्रोजेन शिगेला पोहोचतं. ते शिंगराच्या जननग्रंथी आणि वार मिळून बनवतात. ते घोडीच्या मूत्रात इतकं उतरतं की 1940च्या दशकापासून त्यापासून पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी औषध तयार होत आलं आहे.

वयाची खरी मेख खनिजांत आहे, आणि त्यातही तांब्यात. 1968 साली स्टो या अमेरिकी संशोधकाने थरोब्रेड घोड्यांच्या माद्यांमधलं तांबं मोजलं. वय वाढेल तसं रक्तातलं तांबं कमी होत गेलेलं दिसलं. विताना गर्भाशयाची रक्तवाहिनी फुटून घोडी दगावते, तो प्रकारही म्हाताऱ्या घोड्यांमध्येच जास्त. त्याचा या कमतरतेशी संबंध असावा, असा अंदाज त्याने मांडला. कारण समजण्यासारखं आहे. रक्तवाहिनीला ताण सोसण्याची लवचिकता देणारे तंतू जोडणारं विकर तांब्याशिवाय काम करत नाही. शिवाय दुधात तांबं फारच थोडं असल्याने शिंगरू आपला साठा पोटात असतानाच यकृतात भरून घेतं. म्हणजे मागणी शेवटच्या महिन्यांत वाढते, आणि म्हाताऱ्या घोडीकडे तेव्हाच टंचाई असते.

कॅल्शियमचं गणित त्याहून ठळक आहे. 500 किलोच्या घोडीला एरवी दिवसाला 20 ग्रॅम पुरतं. शेवटच्या महिन्यांत 36 लागतं आणि व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात जवळपास 59. आपल्याकडच्या मारवाडी, काठियावाडी घोड्या वजनाने हलक्या, तेव्हा आकडे त्या मानाने कमी धरावेत. चढ मात्र तेवढाच. आणि नेमका याच वेळी मालक मायेने चंदीत गव्हाचा कोंडा वाढवतो. कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतं. जोडीला उसाचे वाढे किंवा हत्ती गवत दिलं, तर त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मग शरीर हाडांतून उचल करतं. जबडा सुजतो, चाल अडखळते. लसूणघासाची पेंढी आणि पशुवैद्यकाने सांगितलेलं खनिज मिश्रण यांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

विण्याची वेळही खनिजंच सांगतात. शेवटच्या दिवसांत कासेतल्या द्रवातलं सोडियम घटतं, पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम झपाट्याने वाढतं. पाण्याचा कठीणपणा मोजणाऱ्या साध्या पट्टीवर ते दिसतं. घोडी बहुधा रात्रीच विते, त्यामुळे तबेल्यात जागणाऱ्याला याचा मोठा आधार.

शिंगराला पोटात असताना आईकडून प्रतिपिंडं जवळजवळ मिळतच नाहीत. सगळी भिस्त चिकावर, आणि तोही पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. पंधरा वर्षांपुढच्या घोडीच्या चिकात ही प्रतिपिंडं कमी असण्याची शक्यता जास्त. म्हणून अशा घोडीच्या शिंगराचं रक्त दुसऱ्याच दिवशी तपासून घेतात आणि दुसऱ्या चांगल्या घोडीचा गोठवलेला चीक हाताशी ठेवतात.

व्याल्यावर सात ते दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून अनेक मालक तेव्हाच घोडा दाखवतात. तरुण घोडीला ते बहुधा पेलतं. म्हातारीच्या गर्भाशयाची झीज मात्र इतक्यात भरून आलेली नसते, आणि दूधही रोज वाढत असतं. तिला तो माज सोडून पुढच्या माजापर्यंत थांबवलेलं चांगलं.