नळीला घाम का येतो?



गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या तोंड पाडून घरी आला. त्याची डिझेलची गाडी आहे. भाडी मारून त्यावर तो संसार चालवतो. म्हणाला, "काका, टर्बो गेला. गॅरेजवाला म्हणतो, नवीनच बसवा. सोसायटीचं कर्ज काढावं लागणार."

"कशावरून गेला?"

"ही निळी नळी बघा की! सगळी तेलकट."

मी हात लावला. बोटे तेलकट झाली खरी. पण नळीला चीर नव्हती, भोक नव्हते. मग तेल बाहेर आले कसे?

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून गरम धूर जोराने बाहेर पडतो. त्या जोरावर एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात कोंबते. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते, आणि ताकद वाढते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनियरने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगाला वंगण हवेच. ते इंजिनच्या ऑइलाचे मिळते.

दाबलेली हवा तापते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून इंजिनात नेतात. ही हवा नेणारी नळी म्हणजेच पुतण्याची निळी नळी.

आता हवेच्या नळीत तेल कोठून आले? पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली ऑइलात निसटतो. तो ऑइलाचे बारीक तुषार घेऊन एका लहान नळीवाटे परत टर्बोच्या तोंडाशी येतो. त्यामुळे हवेच्या नळीला आतून तेलाचा पातळ थर बसतो. धडधाकट गाडीतही बसतो.

पुतण्याने मूळची काळी नळी काढून ही सिलिकोनची घातली होती. दिसायला झकास! सिलिकोन उष्णता उत्तम सोसते, पण तेल शोषून घेते. माठ फुटलेला नसतो, तरी बाहेरून ओला होतो ना? तसेच हे. आत दाब आणि उष्णता, मग तेल हळूहळू बाहेर पाझरते. पुढे नळी फुगते, मऊ पडते. म्हणून चांगल्या नळीला आतून फ्लोरोसिलिकोनचे अस्तर असते. ते तेलाला अडवते. घेताना अस्तर आहे का, एवढे विचारावे.

पारख कशी करावी? इंजिन थंड झाल्यावर नळी पुसून कोरडी करा. काही दिवस गाडी चालवून परत बघा. सगळी नळी सारखी ओलसर झाली, तर तो घाम. फक्त टोकाशी थेंब दिसले, तर क्लिप ढिली. पण क्लिप फार आवळू नका, सिलिकोन कापले जाते. नळी काढून आतही बघा. पातळ थर चालेल. तेल साचलेले असेल तर चालणार नाही. ऑइलाच्या पट्टीवर खुणेच्या वर ऑइल आहे का तेही पाहा. जास्त भरलेले ऑइलही नळीत जाते.

पट्टीवरचे ऑइल भराभर कमी होत असेल, निळा धूर येत असेल, तर मात्र घाम म्हणून सोडू नका. टर्बोचे सील खरेच फुटले, तर डिझेल इंजिन स्वतःचे ऑइल पिऊन बेफाम पळते. किल्ली बंद केली तरी थांबत नाही! हाताने गिअर टाकायची गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ते जमले नाही तर माणसांनी आधी लांब व्हावे.

पुतण्याने महिनाभर पट्टी पाहिली. ऑइल हलले नाही. निळा धूरही नव्हता. मग त्याने अस्तराची नळी आणली, लोखंडी तोंडावरचे तेल पुसले (नाहीतर नळी दाबाने निसटते) आणि ती बसवली. कर्जाचा अर्ज अजून माझ्या कपाटात कोराच पडून आहे.