रसाचा पेला आणि चिलटांचे राज्य

धारवाडहून गोव्याच्या रस्त्यास लागले की केलगेरी येते. तलावाचे पाणी, त्यापलीकडील झाडी आणि पश्चिमेकडे पसरत गेलेल्या आंब्याच्या बागा यांमुळे हा भाग अजूनही शहरात असून शहराचा वाटत नाही. धारवाडचा आपूस या भागाने दूरदूरच्या बाजारांत पोहोचविला. पेरूंसाठी नवलूरचे नाव घेतले जाते. फळांची अशी रेलचेल जेथे, तेथे रसाची दुकाने निघणे ओघानेच आले. आमच्याकडे उसाच्या रसाला कन्नडात ‘कब्बिन हालु’, म्हणजे ‘उसाचे दूध’ म्हणतात. हा शब्द आम्हांस फार आवडतो, कारण त्यात गोडीबरोबर एक जबाबदारीही आहे. दूध उघडे ठेवून कोणती गृहिणी झोपी जाईल?

पुण्या-मुंबईकडील रसवंतीगृहांवर ‘नवनाथ’, ‘कानिफनाथ’ अशी नावे दिसतात, चरकाला घुंगरू बांधलेले असतात, आणि चालकांपैकी पुष्कळजण पुरंदर तालुक्यातील निघतात. चौकशी केली तर बहुतेकांना हा धंदा वडिलांकडून आलेला असतो. अशा दुकानावर एक घर चालते. गिऱ्हाईक एकदा आजारी पडले की गल्लीभर बोभाटा होतो आणि हंगाम बुडतो. तेव्हा स्वच्छतेचा हा प्रश्न पिणाऱ्याच्या पोटाचा जितका, तितकाच विकणाऱ्याच्या पोटाचाही आहे.

चहाची टपरी आणि रसाचे दुकान यांत एक मोठा भेद आहे, तो सहसा ध्यानात येत नाही. चहा उकळतो. टपरी कितीही कळकट असली तरी पातेल्यातील उकळी पुष्कळ पापे धुऊन टाकते. रसाला ती उकळी मिळत नाही. फळाच्या सालीवर, सुरीवर, मिक्सरच्या भांड्यात किंवा बर्फात जे असेल, ते जसेच्या तसे पेल्यात उतरते. फळ आंबट असले म्हणजे जंतू मरतात, ही समजूतही अर्धीच खरी. 1996 साली अमेरिकेत ओडवाला या नामांकित कंपनीच्या न तापविलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार पसरला, अनेक लोक आजारी पडले आणि एक तान्हे मूल दगावले. सफरचंद तर बऱ्यापैकी आंबट. उसाचा रस त्याहून पुष्कळच कमी आंबट असतो. 2005 साली ब्राझीलच्या सांता कातारिना प्रांतात उसाबरोबर रोगवाहक ढेकूणवर्गीय किडे चरकात भरडले गेले आणि रस्त्याकडेच्या रसातून चॅगस नावाचा रोग होऊन काहींचे प्राण गेले. तो रोग आपल्याकडचा नव्हे, हे खरे. पण उसाच्या मोळीत काय दडून बसते, हे पाहण्याची सवय आपल्याकडे तरी कोठे आहे? मोळी आपटून, ऊस तासून आणि धुऊन मगच चरकात घालावा, एवढे यावरून आम्ही घेतो.

आता चिलटांकडे वळू. पुष्कळांचा येथे एक घोटाळा होतो. आंबा कापल्यावर आत जी पांढरी अळी निघते, ती शेतकऱ्याची ‘फळमाशी’. ती बागेतूनच फळाबरोबर येते. दुकानात पेल्याभोवती घोंघावणारे तांबड्या डोळ्यांचे चिलट हे निराळे. त्याला ताज्या फळाचे फारसे आकर्षण नसते. त्याला आंबण्याचा वास हवा असतो. म्हणून चिलटे दिसली की दुकानात कोठेतरी काहीतरी आंबत आहे, असे खुशाल समजावे. उन्हाळ्यात अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो आणि एक मादी आपल्या आयुष्यात काही शे अंडी घालते. उडणारी चिलटे मारीत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्यांची बाळंतिणीची खोली शोधली पाहिजे.

ती कोठे सापडते? केलगेरीच्या बाजूच्या एका रसवाल्याशी आम्ही यावर बोललो. “फळं तर मी रोज निवडतो हो काकू, तरी ही चिलटं कुठून येतात देव जाणे,” तो म्हणाला. आम्ही म्हटले, “अरे बाबा, फळे राहू दे, ती टोपली उचल पाहू.” टोपलीखालच्या पोत्याला रस पाझरून काळा थर बसला होता. बाकीच्या जागाही अशाच न दिसणाऱ्या असतात: फ्रीजखालचा पाण्याचा ट्रे, मिक्सरच्या पात्याखालची रबरी कडी, फरशीची फुटलेली सांध, ओले पुसण्याचे फडके, रिकाम्या बाटल्यांच्या तळचा थेंबभर रस. चिपाडांचा ढीग हे तर माश्यांचे माहेरघरच. तो संध्याकाळपर्यंत साठू देऊ नये आणि रात्री दुकानात मुळीच ठेवू नये.

मोरीतून निघणारे, पतंगासारखे केसाळ पंख असलेले लहान किडे हे चिलटांचे भाऊबंद नव्हेत. ते नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात. त्यावर फिनेल ओतून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण फिनेल थरावरून वाहून जाते आणि थर जागेवरच राहतो. लांब दांड्याच्या ब्रशाने नळी घासावी, वर कढत पाणी ओतावे, आणि रात्री जाळीवर झाकण ठेवावे. झुरळांनाही मोरीची वाट प्रिय असते. लहान तपकिरी जातीची झुरळे मात्र फ्रीजच्या मोटारीच्या उबेत राहणे अधिक पसंत करतात. तेथे फवारा मारण्यापेक्षा बोरिक पावडरीचे आमिष, पदार्थांपासून दूर आणि मुलांच्या हाती न लागेल असे ठेवणे बरे. भांडी व फळे उघडी असताना कीटकनाशक फवारणे हा तर रोगापेक्षा भयंकर उपाय होय. निळ्या दिव्याचे माश्या मारणारे यंत्र काही दुकानदार मोठ्या हौसेने थेट मिक्सरवर टांगतात. त्यात जळालेल्या माशीचे तुकडे चोहोकडे उडतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब घालून कोपऱ्यात ठेवलेली वाटी चिलटांसाठी पुरेशी आहे, अर्थात मूळ घाण काढल्यानंतर.

परंतु आमच्या जुळ्या शहरांत सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा आहे. हुबळी-धारवाडच्या पाण्याचा जगभर अभ्यास झाला आहे, हे येथल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. येथे कित्येक दिवसांच्या खंडाने पाणी येत असे. 2008 च्या सुमारास काही प्रभागांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाला, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या वस्त्यांची तुलना केली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, खंडित पुरवठ्याच्या नळांवरील 31.7 टक्के नमुन्यांत ई. कोलाय आढळला, अखंड पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण अवघे 0.7 टक्के होते. पाणी थांबले की नळीतील दाब जातो आणि बाहेरची घाण फटींतून आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर ती घरात येते. 2015 च्या निबंधात लहान मुलांच्या एकंदर जुलाबांत लक्षणीय फरक दिसला नाही. टायफॉईडचा रुग्ण असल्याचे सांगणारी घरे मात्र अखंड पुरवठ्याच्या भागात सुमारे 42 टक्क्यांनी कमी होती.

रसवाल्याने यातून काय घ्यावे? नळ येताच पहिली काही मिनिटे पाणी फरशी धुण्यास वापरावे, रसाच्या पिंपात भरू नये. पिंपास झाकण आणि तोटी असावी. तांब्या बुडविण्याची रीत बंद करावी. सुरी, मिक्सरचे भांडे व चरकाचे रूळ आधी साबणाने नीट घासावेत, कारण चोथा उरला असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होते. मग 4 टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटचा अर्धा लहान चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर, एक लिटर पाण्यात घालून त्यात भांडी काही मिनिटे बुडवावीत व पिण्याच्या पाण्याने खळबळून घ्यावीत. हे द्रावण आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. मिक्सरचे भांडे दोन गिऱ्हाइकांमध्ये नुसते हिसळून पुढचा रस काढणे, ही सवय आम्हांस सर्वांत अधिक खटकते.

उंदरांविषयी धारवाडकरांना वेगळे सांगायला नको. 1898 साली हुबळीत प्लेगने कहर केला आणि डॉ. हाफकिन यांची लस तेथे मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. मोठ्या उंदराला अर्ध्या इंचाची, तर लहान उंदराला पेन्सिलीच्या जाडीएवढी फट पुरते. शटरखालची फट रबरी पट्टीने बुजवावी. विष घातले तर मेलेला उंदीर माळ्यावर सडतो. दुकानात पिंजराच बरा.

राहता राहिला बर्फ. माल गार ठेवण्याचा बर्फ आणि खाण्याचा बर्फ एकाच गाडीवरून येतो, गोणपाटात गुंडाळलेला, रस्त्यावर आपटून फोडलेला. महाराष्ट्रात 2018 साली अखाद्य बर्फ निळ्या रंगाचा असावा असा आदेश निघाला, तो याच गोंधळामुळे. केलगेरीकडे एक दुकानदार पाणी उकळून, गार करून घरच्या फ्रीजमध्ये त्याचा बर्फ करतो. तो संपला की दुपारी तीननंतर बर्फाविना रस देतो. त्याचा पेला दोन रुपयांनी महाग आहे आणि तितकासा गारही नसतो. आमच्या घरची मुले त्यावर कुरकुर करतात, तरी आम्ही त्यांना तेथेच नेतो.