'पाठलाग'मधला उजेड

(गुरुकुंज मोझरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "सर, राष्ट्रसंतांच्या गावात गुन्ह्याच्या सिनेमावर भाषण?" प्रश्न बरोबर आहे. मी आत्ता उत्तर देत नाही. पटलं नाही तर शेवटी प्रश्नोत्तरांत मला धरा.

आधी मी तुम्हाला विचारतो. १९६४ सालचा, राजा परांजपे यांचा 'पाठलाग' किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा. चार. बरं, डोळ्यांना पाखरांची उपमा दिलेलं आशाताईंचं गाणं किती जणांना माहीत आहे? बघा, आता जवळजवळ सगळे हात वर. पुढच्या आजोबांनी तर सांगूनच टाकलं, "सिनेमा पाह्यला नाही बाप्पा, पन गानं येते मले." (हशा) आजोबा, आजचं अर्धं व्याख्यान तुम्ही एका वाक्यात दिलंत. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. रेडिओनं हे गाणं घरोघर पोचवलं आणि सिनेमा मागे राहिला. आपल्याकडे बहुतेक जुने मराठी सिनेमे असेच उरलेत, कानात. डोळ्यांत नाहीत.

बरं, हा काही पडलेला, कोणी न विचारलेला सिनेमा होता असंही नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रपती रौप्यपदक 'पाठलाग'ला मिळालं. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कथेवर तो बेतलेला होता. दोनच वर्षांनी राज खोसलांनी त्याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' काढला. साधना, सुनील दत्त, मदनमोहनचं संगीत, वर ते झुमक्याचं गाणं. झालं. त्यानंतर 'पाठलाग'ची ओळख काय, तर "मेरा सायाचा मूळ मराठी सिनेमा". धाकट्याचं लग्न थाटात झालं म्हणून थोरल्याला अमक्याचा भाऊ म्हणायचं, तशातली गत.

आपल्या भागाशी याचं एक नातं आहे, ते थोडं दुःखाचं आहे. 'पाठलाग'चा नायक म्हणजे डॉ. काशिनाथ घाणेकर. मूळचे चिपळूणचे, पेशानं दंतवैद्य, आणि मराठी रंगभूमीवर ज्यांच्या नुसत्या प्रवेशाला टाळ्या पडत असे नट. २ मार्च १९८६ ला, नाटकाच्या दौऱ्यात, ते गेले, ते आपल्या अमरावतीत. इथून अमरावती सुमारे ३५ किलोमीटर. माझे वडील सांगायचे, की त्या दिवशी राजकमल चौकात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या सगळ्यांना आठवत होते. 'पाठलाग'चं नाव कोणी काढलं का, हे मी वडिलांना विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

तर सिनेमाकडे येऊ. गोष्ट सांगतो, पण शेवट सांगणार नाही. ज्या चौघांनी हात वर केला त्यांनीही शेजाऱ्याच्या कानात सांगू नये.

एका माणसाची बायको वारली आहे. परगावी, अपघातात, कळलं-न कळलं असं नाही. त्याच्या डोळ्यांदेखत गेली आहे. तो त्या दुःखात बुडालेला असताना पोलीस एका गुन्ह्यात एका बाईला पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोचा. आणि ती म्हणते, मी यांचीच बायको. प्रकरण कोर्टात जातं. फक्त नवराबायकोला ठाऊक असाव्यात अशा गोष्टी ती भर कोर्टात सांगू लागते. आता या माणसानं विश्वास कशावर ठेवायचा? डोळे म्हणतात, ही तीच. आठवण म्हणते, तिला तर मी स्वतः जाताना पाहिलं. म्हणजे डोळ्यांचीच साक्ष डोळ्यांच्या साक्षीविरुद्ध.

इथे जगातल्या एका फार गाजलेल्या सिनेमाशी तुलना करून बघावीशी वाटते. हिचकॉकचा 'व्हर्टिगो', १९५८. तिथेही एका माणसाच्या मनात एक मेलेली स्त्री आहे आणि तिच्यासारखीच दुसरी त्याला भेटते. तो पुरुष वेडा होऊन त्या दुसरीला पहिली बनवू बघतो. कपडे तसेच घाल, केस तसेच बांध. शेवटी ती तशी होऊन खोलीतून बाहेर येते तेव्हा बाहेरच्या हॉटेलच्या पाटीचा हिरवा उजेड तिच्यावर पडलेला असतो, जणू धुक्यातून भूत यावं. 'पाठलाग'मध्ये सगळं उलटं आहे. इथे बाई म्हणते मी तीच, आणि पुरुष नाही म्हणतो. तिकडे पुरुषाची इच्छा बाईवर लादली जाते. इकडे बाईला स्वतःचं नाव सिद्ध करावं लागतं, तेही ज्याच्याबरोबर संसार केला असं ती म्हणते त्याच्याच समोर. माझ्या मते हा प्रश्न हिचकॉकच्या प्रश्नापेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे. का, ते नंतर.

आता बॅटरी. (वक्त्यांनी खिशातून बॅटरी काढली व पुढच्या रांगेतील एका मुलाला मंचावर बोलावले.) ये बाळा. दिवे घालवा जरा. पंखे राहू द्या. आता ही बॅटरी याच्या हनुवटीखाली धरतो. काय दिसतंय? भूत! (हशा) हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. आता बॅटरी एका बाजूला नेतो, कानाशी. अर्धा चेहरा गेला. हाच मुलगा, पण आता तो काहीतरी लपवतोय असं वाटतं की नाही? आता पाठीमागून. चेहरा नाहीच, नुसत्या केसांची कड. कोण आहे हे सांगता येत नाही, पण कोणीतरी आहे हे नक्की. आणि आता समोरून, थोडं वरून. परत शाळेतला गुणी मुलगा. धन्यवाद बाळा, बस. लावा दिवे.

मुलगा तोच. त्यानं तोंडावरची रेषाही हलवली नाही. बदलली फक्त उजेडाची जागा, आणि तुम्ही त्याच्याबद्दलचं मत चारदा बदललंत. कृष्णधवल रहस्यपटाचं सगळं व्याकरण एवढंच आहे. 'पाठलाग'सारख्या कथेत त्याला जास्त धार येते, कारण तिथे प्रश्नच चेहऱ्याचा आहे. तीच की दुसरी? नटी एकच, भावना. चेहरा एकच. मग दिग्दर्शकाच्या आणि छायालेखकाच्या हाती काय उरलं? तिच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पाडायचा, एवढंच. पाहताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: ही आत्ता मला खरी वाटतेय ती तिच्या बोलण्यानं, की तिच्यावर पडलेल्या उजेडानं?

हा उजेड आपल्याकडे कुठून आला, हेही थोडक्यात सांगतो. जर्मनीत १९२० च्या दशकात सिनेमावाल्यांनी सावलीलाच पात्र केलं. हिटलर आल्यावर त्यातले पुष्कळ जण अमेरिकेत गेले आणि तिथल्या गुन्हेगारी सिनेमांत ती सावली शिरली. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये त्याला 'फिल्म न्वार' नाव दिलं, म्हणजे काळा सिनेमा. पण आपल्याला ही सावली अमेरिकेच्या वळशानंच मिळाली असं नाही. मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज निघाली तेव्हा तिचे छायालेखक जोसेफ विर्शिंग थेट जर्मनीतूनच आलेले होते. पुढे 'महल' त्यांनीच चित्रित केला. आणि आपली 'प्रभात' तर त्याच सुमाराला 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवत होती. १९३४ साल, पडदाभर एक डोळा! त्या काळी तंबूत बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल? नंतर १९३९ च्या 'माणूस'मध्ये शांतारामबापूंनी रात्रपाळीचा पोलीस आणि अंधारी गल्ली आणली. म्हणजे मराठी सिनेमाला अंधार नवा नव्हता. नवं हे होतं, की 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे' असे हसवणारे सिनेमे देणारे राजाभाऊ परांजपे त्या अंधारात शिरले. 'पाठलाग'च्या मागोमाग १९६५ साली त्यांनी 'पडछाया' केला. नावं बघा. पाठलाग, पडछाया. माणसाच्या मागे येतं ते.

अंधाराची आणखी एक बाजू आहे, ती जरा व्यवहाराची. अंधार स्वस्त असतो. मराठी निर्मात्याकडे महाल उभारायला पैसा नव्हता. अर्धी खोली काळोखात ठेवली की अर्धाच सेट लागतो. अमेरिकेतल्या कमी खर्चाच्या गुन्हेपटांनीही हेच केलं. गरिबीतून आलेली युक्ती पुढे शैली झाली.

'मेरा साया' रंगीत आहे, उदयपूरचा आहे. तो वाईट नाही, मला आवडतो. पण रंग आला की डोळ्याला काम मिळतं. साडी कोणत्या रंगाची, तळ्याचं पाणी किती निळं, दागिना कसा चमकतो. डोळा त्यातच रमतो. कृष्णधवलमध्ये रमायला काही नसतं, म्हणून तो चेहरा शोधत राहतो. या कथेला नेमका असाच शोधणारा डोळा हवा.

आणि घाणेकर. रंगमंचावर त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असे. ते टाळ्यांचे नट होते. कॅमेऱ्यापुढे तो जोर चालत नाही, कॅमेराच जवळ येतो. त्यांनी हा दुःखी, हट्टी नवरा कसा सांभाळला आहे हे जरूर पाहा. काही ठिकाणी मला त्यांचा नाटकवाला आवाज डोकावताना ऐकू येतो, ते मी लपवत नाही. पण ते ऐकत असतात तेव्हा पाहा. समोर ती बाई बोलते आहे आणि हे नुसते ऐकताहेत. बोलताना नट काय करतो यापेक्षा ऐकताना काय करतो हे मला नेहमी जास्त कळलेलं आहे.

आता पाहायचा कसा? मोबाइलवर दुपारी बाजेवर पडून पाहू नका. कृष्णधवल सिनेमाची प्रत आधीच खराब असते. काळ्याचा करडा झालेला असतो, वरून खिडकीचा उजेड काचेवर पडला की उरलीसुरली सावलीही मरते. रात्री पाहा. ट्यूबलाइट बंद. टीव्हीवर तो रंग भडक करणारा पर्याय असतो, तो काढून टाका. आणि आवाज लहान ठेवा. तुम्हा शेतकऱ्यांना मी अंधार काय शिकवणार? ओलिताची लाइट रात्रीच येते. जागलीला बसलेल्या माणसाला माहीत असतं, की अंधारात आधी कान बघतात, मग डोळे. त्या सवयीनं पाहा. आशाबाईंचं गाणं तर तसंच ऐका, कार्यक्रमात लावतात तसं नाही. सिनेमात ते शोभेचं गाणं राहत नाही. दूरवर एखादी बॅटरी हलताना दिसावी आणि कोणाची ते कळू नये, तसं ते अंगावर येतं.

आता काकांचा प्रश्न. गुन्ह्याच्या सिनेमावर बोलायचं कशाला?

माझी मावशी आहे, तिवसा तालुक्यातलीच. निराधारांच्या योजनेत तिला थोडे पैसे मिळतात. दरवर्षी तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो, की मी जिवंत आहे, आणि मी तीच आहे. मी एकदा सोबत गेलो होतो. मशीन तिचा अंगठा घेईना. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. एकदा पुसला, दोनदा पुसला, तेल लावून पाहिलं. नाही. टेबलामागच्या माणसानं कागद वर केला, फोटो पाहिला, मावशीकडे पाहिलं, परत फोटो. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. खिडकी तिच्या पाठीशी होती, चेहऱ्यावर सगळा काळोख. तो म्हणाला, "ह्या त्याच कशावरून?" तो उद्धट नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं. मी मावशीचा खांदा धरून तिला खिडकीकडे वळवलं. त्यानं परत पाहिलं आणि म्हणाला, "हां."

पुढच्या महिन्यात अंगठा परत अडला, ती गोष्ट वेगळी. त्या रात्री घरी येऊन मी 'पाठलाग' पुन्हा लावला. कोर्टातली बाई बोलायला लागली आणि मावशी, जी सिनेमे बघत नाही, दारातच उभी राहिली. पूर्ण होईपर्यंत उभीच. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तिच्या सासरचे काहून आले नाही साक्षीले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ. काका, आधी तुम्ही.